चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ

चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ (मूळ नाव : कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झ; जन्म : ९ एप्रिल १८६५, ब्रेस्लाऊ, प्रशिया; मृत्यू : २६ ऑक्टोबर १९२३, स्केनेक्टडी, न्यूयॉर्क) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ, विद्युत अभियंता आणि प्राध्यापक होते. प्रत्यावर्ती विद्युत प्रवाहाच्या मंडलांची आकडेमोड संमिश्र संख्यांच्या साहाय्याने करण्याची पद्धत त्यांनी अभियांत्रिकीत रूढ केली. लोखंडातील हिस्टेरिसिस-हानीचा नियम, प्रवर्तन मोटरचे समतुल्य मंडल आणि आकाशातील विजेपासून वाहिन्यांचे संरक्षण ही त्यांच्या कार्याची इतर प्रमुख क्षेत्रे होत. शक्तिगुणक म्हणजे पॉवर फॅक्टर, मोटरची क्षमता आणि तिच्या पाटीवर लिहिले जाणारे आकडे आज ज्या गणिताच्या आधारे ठरवले जातात, त्याची घडण मोठ्या प्रमाणात त्यांच्या हातून झाली. जन्मजात शारीरिक व्यंग, राजकीय मतांमुळे पत्करावा लागलेला देशत्याग आणि परक्या देशात शून्यातून केलेली सुरुवात यांमुळे त्यांचे चरित्रही त्यांच्या संशोधनाइतकेच प्रसिद्ध झाले.

जन्म आणि बालपण

स्टाइनमेट्झ यांचा जन्म ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होते. आज ते व्रोत्सवाफ या नावाने पोलंडमध्ये आहे. त्यांचे वडील कार्ल हाइनरिश स्टाइनमेट्झ रेल्वेच्या नोकरीत होते. स्टाइनमेट्झ जेमतेम एक वर्षाचे असताना त्यांची आई कॅरोलिन कॉलऱ्याने मरण पावली. त्यानंतर आजीने त्यांचा सांभाळ केला. पाठीला कुबड आणि नितंबाच्या सांध्यातील दोष ही व्यंगे त्यांना जन्मतःच होती. पाठीचे असेच व्यंग त्यांच्या वडिलांना आणि आजोबांनाही होते. पूर्ण वाढ झाल्यावरही त्यांची उंची सुमारे चार फूटच राहिली.

शालेय शिक्षण ब्रेस्लाऊमधील योहान्स गिम्नाझियम या शाळेत झाले. तेथे गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत त्यांनी विशेष प्रावीण्य दाखवले. १८८३ साली त्यांनी ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्रवेश घेतला. विद्यापीठातील गणिताच्या विद्यार्थ्यांच्या मंडळात प्रत्येक सभासदाला टोपणनाव देण्याची प्रथा होती. त्यानुसार स्टाइनमेट्झ यांना प्रोटिअस हे नाव मिळाले. प्रोटिअस हा ग्रीक पुराणकथांतील हवे ते रूप धारण करणारा, गुपिते जाणणारा समुद्रदेव होय. हे टोपणनाव त्यांना इतके आवडले की पुढे अमेरिकेत त्यांनी आपल्या दोन्ही मधल्या नावांऐवजी तेच कायमचे स्वीकारले आणि कार्लचे चार्ल्स केले.

समाजवादी चळवळ आणि देशत्याग

चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या राजवटीत १८७८ साली जर्मनीत समाजवादविरोधी कायदा लागू झाला होता. समाजवादी सभा, संघटना आणि वृत्तपत्रे यांवर त्याने कठोर बंधने घातली होती. विद्यापीठात असताना स्टाइनमेट्झ समाजवादी विद्यार्थ्यांच्या गटात सामील झाले आणि चळवळीच्या एका नियतकालिकाच्या संपादनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांच्या लेखनाकडे पोलिसांचे लक्ष गेले. १८८८ साली डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण होऊन पदवी हाती येण्याच्या बेतात असतानाच अटक टाळण्यासाठी त्यांना शहर सोडावे लागले. ती पदवी त्यांना ब्रेस्लाऊकडून कधीच मिळाली नाही.

ते स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे गेले आणि तेथील पॉलिटेक्निकमध्ये यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास करू लागले. तोपर्यंत त्यांचा ओढा शुद्ध गणिताकडे होता. यंत्रांशी त्यांचा खरा परिचय झुरिकमध्ये झाला. तेथे ऑस्कर आस्मुसेन या सहाध्यायाशी त्यांची मैत्री जुळली. आस्मुसेन अमेरिकेत जाऊन आलेले होते. १८८९ साली दोघे मित्र जहाजाच्या सर्वांत स्वस्त वर्गातून न्यूयॉर्कला निघाले.

न्यूयॉर्कच्या बंदरावरील अधिकाऱ्यांपुढे जो तरुण उभा राहिला, त्याची पाठ वाकलेली होती, खिशात पैसे नव्हते आणि इंग्रजी जेमतेम येत होते. अशा माणसाचा भार सार्वजनिक खर्चावर पडेल या शंकेने त्यांना परत पाठवण्याचा विचार झाला. आस्मुसेन यांनी त्यांची हमी घेतली, तेव्हाच त्यांना प्रवेश मिळाला.

आयकमायर यांचा कारखाना

न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथे रुडॉल्फ आयकमायर यांचा कारखाना होता. आयकमायर हे स्वतः जर्मनीतून आलेले संशोधक होते. टोप्या बनवण्याच्या यंत्रांवर त्यांचा व्यवसाय उभा राहिला होता. पुढे ते विद्युत मोटरींकडे वळले. त्यांनी स्टाइनमेट्झ यांना आठवड्याला १२ डॉलर पगारावर आरेखक म्हणून कामावर घेतले. या तरुणाची कुवत लक्षात आल्यावर त्यांनी कारखान्यातच त्याला प्रयोगांसाठी जागा उपलब्ध करून दिली.

त्या काळी प्रत्यावर्ती प्रवाहाची यंत्रे बांधणाऱ्यांपुढे एक मोठी अडचण होती. मोटर किंवा रोहित्राच्या गाभ्यातील लोखंडाचे चुंबकन दर सेकंदाला अनेकदा उलटसुलट होत असते. हे चुंबकन प्रवाहाच्या बदलामागे थोडे रेंगाळते आणि त्या रेंगाळण्यात प्रत्येक आवर्तनागणिक काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हाच हिस्टेरिसिस. ही हानी किती होईल हे यंत्र बांधण्यापूर्वी सांगता येत नसे. यंत्र बांधायचे, चालवून पाहायचे, फार तापले तर गाभा बदलून पुन्हा बांधायचे, अशी पद्धत होती. चुकीची किंमत तांबे, लोखंड आणि श्रम यांच्या रूपाने मोजावी लागे.

स्टाइनमेट्झ यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. ए. युइंग यांनी प्रसिद्ध केलेली मापने तपासली, स्वतः अनेक नमुन्यांवर प्रयोग केले आणि त्यांतून एक साधा नियम काढला. प्रत्येक आवर्तनातील हिस्टेरिसिस-हानी ही चुंबकीय स्रोत-घनतेच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात असते, असा तो नियम होय. त्यानुसार घनता दुप्पट केली तर हानी दुप्पट न होता सुमारे तिप्पट होते. या प्रमाणात येणारा स्थिरांक लोखंडाच्या किंवा पोलादाच्या प्रकारावर अवलंबून असतो. १८९२ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स या संस्थेपुढे त्यांनी हा नियम मांडला, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. यंत्राचे तापणे कागदावर आधीच वर्तवता येऊ लागले आणि त्यांचे नाव अमेरिकेतील अभियंत्यांमध्ये सर्वतोमुखी झाले. हा नियम प्रयोगसिद्ध असून मध्यम चुंबकन-घनतेपुरताच लागू पडतो. अधिक घनतेला आणि आधुनिक पदार्थांना वेगळे घातांक वापरावे लागतात. तरीही गाभ्यातील हानीचे आजचे व्यवहारातील सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

जनरल इलेक्ट्रिक

एडिसन जनरल इलेक्ट्रिक आणि थॉमसन-ह्यूस्टन या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून १८९२ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. या कंपनीने लवकरच आयकमायर यांचा व्यवसाय विकत घेतला. १८९३ मध्ये स्टाइनमेट्झ कंपनीच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन येथील कारखान्यात रुजू झाले. १८९४ साली ते न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

अनेक-फेज मोटरींची महत्त्वाची पेटंटे त्या वेळी वेस्टिंगहाउस या प्रतिस्पर्धी कंपनीकडे होती. त्यांना वळसा घालण्यासाठी स्टाइनमेट्झ यांनी मोनोसायक्लिक नावाची वितरणपद्धती विकसित केली. १८९६ साली दोन्ही कंपन्यांमध्ये पेटंटांच्या परस्पर वापराचा करार झाल्यानंतर तिची गरज उरली नाही.

कंपनीला स्वतंत्र संशोधन प्रयोगशाळा हवी, असा आग्रह धरणाऱ्यांत स्टाइनमेट्झ प्रमुख होते. १९०० साली विलिस व्हिटनी यांच्या देखरेखीखाली ही प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे पहिले ठिकाण स्टाइनमेट्झ यांच्या निवासस्थानामागील घोडागाडीच्या तबेल्यात होते. तेथून पुढे अमेरिकेतील औद्योगिक संशोधनाचे एक मोठे केंद्र उभे राहिले. स्टाइनमेट्झ यांच्या नावावर सुमारे २०० पेटंटे नोंदली गेली.

प्रत्यावर्ती प्रवाहाचे गणित

एकदिश प्रवाहाच्या मंडलात हिशोब सोपा असतो. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो आणि दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते. प्रत्यावर्ती प्रवाहात दाब आणि प्रवाह दोन्ही सतत बदलत असतात आणि त्यांचे चढउतार एकाच क्षणी होतातच असे नाही. मंडलात वेटोळे असेल तर प्रवाह दाबामागे पडतो. कपॅसिटर असेल तर तो दाबापुढे धावतो. १८९० च्या सुमारास अशा मंडलाचे गणित अवकल समीकरणांनी किंवा किचकट आलेखांनी करावे लागे. कारखान्यातील सामान्य अभियंत्याला ते जड जात असे.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय विद्युत परिषद भरली. तेथे स्टाइनमेट्झ यांनी संमिश्र संख्यांचा उपयोग करून हे गणित साध्या बीजगणितात आणून दाखवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आर्थर केनली यांनी संरोधाविषयी याच दिशेने जाणारा निबंध सादर केला होता. मात्र या पद्धतीला सर्वांगीण रूप देऊन ती जनित्रे, रोहित्रे, वाहिन्या आणि मोटरी यांना लागू करण्याचे श्रेय स्टाइनमेट्झ यांना दिले जाते.

या पद्धतीत मंडलातील रोध हा संख्येचा वास्तव भाग मानतात आणि वेटोळे किंवा कपॅसिटर यांच्यामुळे होणारा विरोध, म्हणजे रिअॅक्टन्स, हा काल्पनिक भाग मानतात. दोन्ही मिळून संरोध होतो. उदाहरणार्थ, एखाद्या वेटोळ्याचा रोध ३ ओहम आणि रिअॅक्टन्स ४ ओहम असेल, तर त्याचा एकूण संरोध ७ नव्हे तर ५ ओहम भरतो, कारण हे दोन भाग काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणे एकत्र येतात. त्यावर १०० व्होल्टचा दाब दिल्यास २० अँपिअर प्रवाह वाहतो. काळाबरोबर बदलणाऱ्या राशींचा हिशोब अशा रीतीने बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांवर आला.

आरंभी ही पद्धत फार थोड्यांना समजली. तेव्हा स्टाइनमेट्झ यांनी अर्न्स्ट बर्ग यांच्या सहकार्याने १८९७ साली प्रत्यावर्ती प्रवाहाच्या घटनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यानंतर विद्यार्थ्यांसाठी मूलभूत पाठ्यपुस्तकेही लिहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ही पद्धत विद्युत अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा पाया बनली.

शक्तिगुणकाची उकल

वरील उदाहरणात दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार २,००० येतो. याला भासमान शक्ती म्हणतात आणि ती व्होल्ट-अँपिअरमध्ये मोजतात. परंतु उष्णतेच्या रूपाने खर्च होणारी शक्ती केवळ १,२०० वॅट असते. ही प्रत्यक्ष शक्ती होय. प्रत्यक्ष शक्तीला भासमान शक्तीने भागले असता शक्तिगुणक मिळतो. येथे तो ०.६ आहे. उरलेला घटक १,६०० व्होल्ट-अँपिअरचा असून तो रिअॅक्टिव्ह शक्ती म्हणून ओळखला जातो. ही शक्ती खर्च होत नाही. वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र उभारताना ती वाहिनीतून येते आणि क्षेत्र ओसरताना परत जाते. तिन्ही राशींचे नाते काटकोन त्रिकोणाचे असल्याने १,२०० आणि १,६०० यांची बेरीज २,८०० न होता २,००० होते.

रिअॅक्टिव्ह शक्ती खर्च होत नसली तरी तिची ने-आण करणारा प्रवाह तारांतून खरोखर वाहतो आणि तारा तापवतो. २३० व्होल्टच्या वाहिनीवरील यंत्र १० अँपिअर प्रवाह ०.७ शक्तिगुणकाने घेत असेल, तर ते १,६१० वॅट वापरते. शक्तिगुणक १ असता तर तेवढ्याच शक्तीसाठी ७ अँपिअर पुरले असते. तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पहिल्या स्थितीतील हानी दुसरीच्या जवळजवळ दुप्पट होते. जनित्र आणि रोहित्र यांची क्षमता किलोवॅटमध्ये न देता किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये देण्याचे कारणही हेच आहे. त्यांचे तापणे दाब आणि प्रवाह यांवर ठरते; ग्राहकाने त्यातील किती शक्ती कामी लावली यावर नव्हे.

दाब आणि प्रवाह यांच्यातील कोनीय अंतर हेच कमी शक्तिगुणकाचे एकमेव कारण नाही, हेही स्टाइनमेट्झ यांनी लवकर ओळखले. १८९२ मध्ये विद्युत प्रज्योतीचा अभ्यास करताना त्यांना आढळले की तेथे प्रवाह दाबामागे पडलेला नसतानाही प्रत्यक्ष शक्ती भासमान शक्तीपेक्षा कमी भरते. प्रवाहाच्या तरंगाचा आकारच बिघडलेला असणे हे त्याचे कारण होते. आज संगणक, एलईडी दिवे आणि मोटरींचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक साधने यांच्या प्रसारामुळे हा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरला आहे.

मोटरचे समतुल्य मंडल आणि क्षमता

प्रवर्तन मोटरमध्ये फिरणाऱ्या भागाला बाहेरून वीज जोडलेली नसते; स्थिर भागातील फिरते चुंबकीय क्षेत्र त्यात प्रवाह निर्माण करते. अशा यंत्राचे सर्व वर्तन रोध आणि रिअॅक्टन्स यांच्या एका छोट्या आकृतीत दाखवता येते, हे स्टाइनमेट्झ यांनी सिद्ध केले. या समतुल्य मंडलावरून मोटरचा प्रवाह, परिपीडन, कार्यक्षमता आणि शक्तिगुणक वेगवेगळ्या भारांसाठी काढता येतात. विद्युत अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत ते आजही शिकवले जाते.

मोटर पूर्ण भारावर असो वा मोकळी फिरत असो, तिचे चुंबकीय क्षेत्र टिकवणारा प्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो, ही महत्त्वाची गोष्ट या मंडलातून स्पष्ट होते. भार कमी झाला की काम करणारा प्रवाह घटतो, पण चुंबकन करणारा घटत नाही. त्यामुळे शक्तिगुणक खाली येतो. पूर्ण भारावर ०.८५ शक्तिगुणक असलेली मोटर पाव भारावर ०.५ च्या आसपास घसरू शकते. म्हणूनच गरजेपेक्षा फार मोठी मोटर बसवणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीने शहाणपणाचे वाटले तरी विजेच्या दृष्टीने महाग पडते.

मोटरच्या पाटीवर लिहिलेले किलोवॅट किंवा अश्वशक्ती हे तिच्या दांड्यावर मिळणाऱ्या यांत्रिक शक्तीचे माप असते. ती वाहिनीतून घेत असलेल्या विजेचे नव्हे. समजा, ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज मोटरच्या पाटीवर ७.५ किलोवॅट, कार्यक्षमता ८८ टक्के आणि शक्तिगुणक ०.८५ असे लिहिले आहे. ७.५ ला ०.८८ ने भागल्यास ती सुमारे ८.५२ किलोवॅट वीज घेते. त्याला ०.८५ ने भागल्यास सुमारे १० किलोव्होल्ट-अँपिअर भासमान शक्ती मिळते आणि प्रत्येक तारेतील प्रवाह सुमारे १४ अँपिअर येतो. तारेची जाडी आणि स्विचगिअर यांची निवड या शेवटच्या आकड्यांवर होते. याच मोटरशी सुमारे २.५ किलोव्होल्ट-अँपिअर रिअॅक्टिव्ह क्षमतेचा कपॅसिटर जोडल्यास वाहिनीवरील शक्तिगुणक ०.९५ होतो आणि प्रवाह सुमारे १२.५ अँपिअरवर येतो. मोटरचे काम तेवढेच राहते. तिला लागणारी रिअॅक्टिव्ह शक्ती मात्र दूरच्या जनित्राऐवजी शेजारच्या कपॅसिटरमधून मिळते.

मोटरची क्षमता अखेर तिच्या वेटोळ्यांवरील निरोधक आवरण किती तापमान सहन करू शकते यावर ठरते. १९१३ साली स्टाइनमेट्झ यांनी वेस्टिंगहाउसचे मुख्य अभियंता बेंजामिन लॅमे यांच्यासह तापमान आणि विद्युत निरोधन या विषयावर निबंध सादर केला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अग्रगण्य अभियंते या प्रश्नावर एकत्र आले होते. कापूस, कागद यांसारखे सेंद्रिय पदार्थ आणि अभ्रकासारखे खनिज पदार्थ यांचे तापमानानुसार वर्ग पाडण्याची दिशा त्यात होती. आज मोटरच्या पाटीवर आढळणारे ए, बी, एफ आणि एच हे निरोधन-वर्ग याच विचाराचा पुढील विस्तार होत. त्यांच्या मर्यादा अनुक्रमे १०५, १३०, १५५ आणि १८० अंश सेल्सिअस आहेत.

थ्री-फेज मोटर कपॅसिटरच्या साहाय्याने सिंगल-फेज वाहिनीवर चालवण्याच्या जोडणीलाही जर्मन भाषिक देशांत त्यांचे नाव दिले जाते. या जोडणीत मोटर आपली पूर्ण क्षमता देऊ शकत नाही, त्यामुळे ती लहान मोटरींपुरतीच वापरली जाते.

प्रयोगशाळेतील वीज

लांब पल्ल्याच्या वाहिन्या उभ्या राहू लागल्या तशी आकाशातील विजेने होणारी हानी वाढली. १९२० साली मोहॉक नदीकाठच्या स्टाइनमेट्झ यांच्या लाकडी झोपडीवर वीज पडली आणि तेथील आरसा फुटला. त्याचे तुकडे गोळा करून त्यांनी तो पुन्हा जुळवला आणि त्यावरील खुणांवरून विजेच्या मार्गाचा अभ्यास केला. १९२२ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत सुमारे १,२०,००० व्होल्ट आणि १०,००० अँपिअरचा क्षणिक स्फोट घडवणारे जनित्र तयार केले. या कृत्रिम विजेने लाकडाचे ठोकळे फुटून विखुरले. तडित-निवारकांची चाचणी हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. वृत्तपत्रांनी मात्र त्यांना विजेचा निर्माता म्हणून देशभर प्रसिद्धी दिली.

अध्यापन आणि सन्मान

१९०१-०२ या वर्षी स्टाइनमेट्झ अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सचे अध्यक्ष होते. १९०२ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. पुढील वर्षी स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजने डॉक्टरेट प्रदान केली. जी पदवी ब्रेस्लाऊत हुकली होती ती पंधरा वर्षांनी अशा रीतीने मिळाली. युनियन कॉलेजमध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकी विभागाची उभारणी केली आणि कंपनीतील कामाबरोबरच तेथे अध्यापनही केले. १९१३ साली फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना एलिअट क्रेसन पदक दिले. सापेक्षतावादावरील त्यांच्या व्याख्यानांचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

खासगी जीवन

आपले व्यंग पुढच्या पिढीत उतरेल या भीतीने स्टाइनमेट्झ यांनी विवाह केला नाही. त्यांच्या प्रयोगशाळेतील सहकारी जोसेफ लेरॉय हेडन विवाहानंतर पत्नी कोरिनसह वेंडेल अॅव्हेन्यूवरील त्यांच्या मोठ्या घरात राहायला आले. पुढे स्टाइनमेट्झ यांनी हेडन यांना कायदेशीररीत्या दत्तक पुत्र मानले आणि हेडन दांपत्याची तीन मुले त्यांना आजोबा म्हणत वाढली. तीन पिढ्या चालत आलेले व्यंग त्यांनी आपल्यापाशी थांबवले, पण घर रिकामे राहू दिले नाही.

घराला जोडलेल्या काचघरात ते निवडुंग आणि ऑर्किड जोपासत. मगरींसारखे प्राणीही त्यांनी पाळले होते. सिगार ओढण्याची त्यांना सवय होती. उन्हाळ्यात ते नदीकाठच्या झोपडीत मुक्काम करीत आणि होडीवर आडवी फळी टाकून तिच्यावर कागद पसरून पाण्यातच आकडेमोड करीत.

राजकीय आणि सामाजिक कार्य

अमेरिकेतील एका बलाढ्य भांडवली कंपनीत नोकरी करीत असतानाही स्टाइनमेट्झ यांनी समाजवादी विचार सोडले नाहीत. १९११ साली जॉर्ज लन हे समाजवादी उमेदवार स्केनेक्टडीचे महापौर म्हणून निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीत स्टाइनमेट्झ शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले. नव्या शाळांची उभारणी आणि स्थलांतरितांच्या मुलांसाठी विशेष वर्ग यांवर त्यांनी भर दिला. पुढे ते नगरपरिषदेचेही अध्यक्ष झाले.

१९१६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी मोठ्या उद्योगसंस्थांच्या संघटनकौशल्यातूनच सहकारी समाजव्यवस्था उभी राहू शकेल, असे मत मांडले. विजेचा प्रसार झाल्यावर माणसाला दिवसाला चार तासच काम करावे लागेल, असे भाकीतही त्यांनी केले होते. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी जर्मनीविषयी दाखवलेल्या सहानुभूतीमुळे त्यांच्यावर टीका झाली. १९२२ साली त्यांनी लेनिन यांना पत्र लिहून रशियाच्या विद्युतीकरणाला मदतीची तयारी दर्शवली. लेनिन यांनी त्याला उत्तर पाठवले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या राज्य अभियंता या पदाची निवडणूक त्यांनी लढवली, परंतु ते पराभूत झाले.

आख्यायिका

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातील बिघडलेल्या जनित्रावर स्टाइनमेट्झ यांनी खडूने एक खूण केली, तेथील वेटोळी कमी करताच जनित्र सुरू झाले आणि त्यांनी दहा हजार डॉलरच्या बिलात खुणेचा एक डॉलर व ती कोठे करायची या ज्ञानाचे उरलेले पैसे लावले, अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. तिच्याकडे आख्यायिका म्हणूनच पाहिले जाते. फोर्ड यांचा त्यांच्याविषयीचा आदर मात्र खरा होता. स्टाइनमेट्झ यांच्या निधनानंतर मोहॉक नदीकाठची झोपडी फोर्ड यांनी मिशिगनमधील आपल्या ग्रीनफिल्ड व्हिलेज या संग्रहालयात हलवली.

मृत्यू आणि वारसा

१९२३ च्या शरद ऋतूत स्टाइनमेट्झ हेडन कुटुंबासह अमेरिकेच्या पश्चिम भागाचा दीर्घ दौरा करून परतले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २६ ऑक्टोबर रोजी सकाळी हृदयक्रिया बंद पडून स्केनेक्टडीतील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. नातू विल्यम न्याहारी घेऊन त्यांच्या खोलीत गेला, तेव्हा ते अंथरुणात निश्चेष्ट पडलेले होते. मृत्युसमयी त्यांचे वय ५८ वर्षे होते. स्केनेक्टडीच्या व्हेल दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

विद्युत अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयट्रिपलई त्यांच्या नावाने पुरस्कार देते. महाराष्ट्रासह भारतातील अनेक राज्यांत मोठ्या औद्योगिक ग्राहकांच्या वीजबिलात शक्तिगुणकाचा हिशोब धरला जातो आणि कारखान्यांतून त्यासाठी कपॅसिटरचे संच बसवले जातात. तो संच किती क्षमतेचा असावा, मोटर किती प्रवाह घेईल, तार किती जाडीची लागेल, हे प्रश्न आज यंत्र बसवण्यापूर्वी कागदावर सुटतात. हे ज्या गणितामुळे शक्य झाले, ते रूढ करणाऱ्यांत स्टाइनमेट्झ यांचे स्थान अग्रभागी मानले जाते.